तिरक्या रेघा

"म्हसावद, नऊ सत्तावन थ्रू."

कानातल्या हेडफोनमध्ये स्टेशन मास्तर एवढंच बोलायचा. मी "नऊ सत्तावन" असं परत म्हणायचो, समोरच्या चार्टवर म्हसावदच्या आडव्या रेघेवर 9:57 च्या घरात पेन्सिलीचा ठिपका द्यायचो आणि आधीच्या ठिपक्यापासून तिथपर्यंत पट्टीने रेघ ओढायचो. तेवढ्यात दुसऱ्या गाडीसाठी शिरसोली बोलायला लागलेली असायची. सहा तासांची पाळी, वीस-पंचवीस गाड्या, आणि डोळ्यांना त्यांतली एकही दिसत नाही. भुसावळच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर म्हणून मी तीस वर्षं हेच केलं. भुसावळ ते मनमाड, 184 किलोमीटर, माझ्यासाठी टेबलावर पसरलेला एक कागद होता.

तो कागद आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. उभ्या बाजूला स्टेशनं: वर मनमाड, खाली भुसावळ, मधली सगळी खऱ्या अंतराच्या प्रमाणात. आडव्या बाजूला वेळ, बारीक घरांत आखलेली. गाडी धावते तेव्हा तिची रेघ तिरकी जाते. जितकी जोरात, तितकी रेघ उभट. रखडत चाललेली मालगाडी लोळल्यासारखी जाते, आणि थांबलेल्या गाडीची रेघ सपाट आडवी, कारण गाडी उभी असली तरी घड्याळ उभं राहत नाही. आमच्या बोर्डावर मेल-एक्स्प्रेस लाल, पॅसेंजर निळी, मालगाडी हिरवी. पाळी संपताना तो कागद पैठणीच्या पदरासारखा दिसायचा. निदान मला तरी. हल्ली रेघा संगणकावर आपोआप उमटतात आणि कुणाच्या बोटांना शिसं लागत नाही.

निवृत्तीनंतर नात नववीत गेली. विज्ञानाच्या पुस्तकातला तिचा पहिलाच धडा 'गतीचे नियम'. त्यात अंतर आणि काळाचा आलेख होता. "आबा, ही रेघ मध्येच आडवी का झाली?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लूपमध्ये घातली असेल." ती माझ्याकडे बघतच राहिली. आणि मला पहिल्यांदा कळलं की ज्याला भौतिकशास्त्रात गतीचं वर्णन म्हणतात, ते मी तीस वर्षं पगार घेऊन करत होतो.

हा आलेख आमच्या रेल्वेने शोधला असं नाही. फ्रान्समधल्या पॅरिस ते ल्याँ मार्गावरच्या गाड्यांचा असाच तिरक्या रेघांचा तक्ता एत्येन-ज्यूल मारे यांच्या पुस्तकाच्या 1885 सालच्या आवृत्तीत छापलेला आहे. त्याचं श्रेय ते इब्री नावाच्या एका फ्रेंच इंजिनिअरला देतात. गंमत म्हणजे मारे स्वतः रेल्वेवाले नव्हतेच. ते शरीरक्रियेचे अभ्यासक. घोडा पळताना कुठला पाय केव्हा टेकतो, पक्षी पंख कसे हलवतो, हे कागदावर उतरवण्याचा त्यांना नाद होता. घोडा असो की आगगाडी, 'केव्हा कुठे होता' एवढं नोंदवता आलं की रेघ तयार.

पण 'कुठे' म्हणजे कुठून? आमच्याकडे याचं उत्तर लोखंडी पाट्यांवर लिहिलेलं असतं. चाळीसगाव 328, पाचोरा 373, जळगाव 420. हे सगळे आकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासूनचे. रुळावर कुठेही काही घडलं की माणूस गावाचं नाव सांगत नाही, किलोमीटर सांगतो, आणि मदत बरोब्बर तिथे पोचते. शास्त्रात याला आरंभबिंदू म्हणतात. तो कुठे धरायचा हे आपल्या हातात असतं. मुंबईऐवजी भुसावळ शून्य धरलं असतं तरी एकही गाडी उशिरा पोचली नसती. फक्त सगळ्यांनी एकच शून्य धरायला हवं.

दिशेचंही तसंच. मुंबईकडे जाणारी गाडी अप, मुंबईपासून लांब जाणारी डाउन. डाउन गाडीचे किलोमीटर वाढत जातात, अप गाडीचे कमी होतात. म्हणजे एकीला अधिक चिन्ह, दुसरीला वजा. पुस्तकातला चाल आणि वेग यांच्यातला फरक एवढाच आहे: चाल म्हणजे किती जोरात, वेग म्हणजे किती जोरात आणि कुणीकडे. ताशी 80 किलोमीटरने जाणाऱ्या अप आणि डाउन गाड्यांची चाल सारखी, वेग मात्र उलट. (बाकी 'चाल' हा शब्द पुस्तकाबाहेर कुणी या अर्थाने वापरताना मी ऐकलेला नाही. आपल्याकडे चाल गाण्याला असते, घोड्याला असते, नाहीतर बुद्धिबळात असते.)

अंतर आणि विस्थापन यांतला फरक मात्र मी नातीला गार्डच्या पगारावरून समजावला. गार्ड भुसावळहून मालगाडी घेऊन मनमाडला गेला आणि दुसरी घेऊन परत आला. कापलेलं अंतर 368 किलोमीटर. विस्थापन, म्हणजे निघालो त्या जागेपासून शेवटी किती सरकलो, ते शून्य. गाडीबरोबर धावणाऱ्या कर्मचाऱ्यांना किलोमीटरवर भत्ता मिळतो. तो विस्थापनावर द्यायचं ठरलं असतं, तर घरी परतणाऱ्या प्रत्येक गार्डला हात हलवत जावं लागलं असतं. मुंबई–पुणे लोहमार्गाने 192 किलोमीटर, पण नकाशावर पट्टी ठेवली तर 120 च्या आसपास. विस्थापन नेहमी पट्टी ठेवून मोजायचं. घाट, वळणं, बोगदे त्याच्या खिजगणतीत नसतात. 'विस्थापन' हा शब्द मला अजून खटकतो. आपल्या कानाला विस्थापित म्हणजे धरणात गाव गेलेली माणसं.

आता चार्टचा खरा उपयोग. माझ्या वेळी दोनच रूळ होते, एक अप आणि एक डाउन. दोन्ही दिशांच्या रेघा कागदावर एकमेकींना कापत, त्याची काळजी नव्हती. काळजी एकाच दिशेच्या दोन रेघांची: पुढे हळू, मागे जोरात. समजा, अप मालगाडी जळगावहून 10 वाजता ताशी 60 ने निघाली आणि अप मेल जळगाववरून 10:20 ला ताशी 100 ने गेली. त्या वीस मिनिटांत मालगाडी 20 किलोमीटर पुढे गेलेली. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे बघणाऱ्या गार्डला मेल ताशी 100 ने येताना दिसत नाही, ताशी 40 ने दिसते. 20 किलोमीटरचं अंतर ताशी 40 ने मिटायला अर्धा तास. म्हणजे 10:50 ला, जळगावपासून 50 किलोमीटरवर, किलोमीटर 370 ला, दोन्ही रेघा एकमेकींना छेदणार. पाचोरा 373 ला आहे. छेद पाचोऱ्याच्या जरासा पुढे, म्हणून मालगाडी पाचोऱ्याला बाजूच्या रुळावर, लूपमध्ये घ्यायची, मेल पुढे काढायची आणि मग मालगाडी सोडायची.

बोर्डावर नवीन असताना मी नेमकं असंच केलं. मालगाडी पाचोऱ्याला 10:47 ला, मेल 10:48 ला. मिनिटभर हातात आहे म्हणून मी खूश होतो. मेल पाचोऱ्याच्या होम सिग्नलला, स्टेशनाबाहेरच, नऊ मिनिटं उभी राहिली. चीफ कंट्रोलर मागे येऊन उभे राहिले, माझ्या सुबक रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "पट्टी छान चालवतोस. गाडी किती लांब असते माहितीये का?"

कागदावरच्या रेघेला जाडी नसते. गाडी म्हणजे जणू एक ठिपका, पुस्तकाच्या भाषेत कण. शास्त्राची ही पहिली थाप, आणि मोठी उपयोगी थाप. चंद्र पृथ्वीभोवती कसा फिरतो ते पाहताना चंद्राला ठिपका मानलं तर काही बिघडत नाही. जळगाव ते मनमाड गाडी किती वाजता पोचेल हे काढतानाही बिघडत नाही. पण स्टेशनात शिरताना मालगाडी ठिपका राहत नाही, ती 700 मीटर लांब असते. सांध्यावरून ताशी 15 ने आत जायचं, म्हणजे सेकंदाला जेमतेम चार मीटर. नुसती शेपूट आत यायलाच पावणेतीन मिनिटं. त्याच्या आधी गाडी साठवरून पंधरावर आणायला लागलेला वेळ वेगळा. शेपूट आत गेल्यावर सांधा फिरवायचा, मेलसाठी सिग्नल द्यायचा. तोवर मेलच्या ड्रायव्हरला मागेच पिवळा दिसलेला, त्याने ब्रेक लावलेला. त्या दिवसापासून अशा गाड्या मी म्हसावदला किंवा माहेजीला घ्यायला लागलो. दोन-तीन स्टेशनं आधी.

माझी दुसरी चूक मी पट्टीने रेघ ओढली हीच होती. पट्टीची रेघ म्हणते, गाडी एका क्षणी उभी होती आणि पुढच्याच क्षणी ताशी 60 ने धावत होती. असं लोखंडाचं काही करत नाही. वेग वाढायला वेळ लागतो, कमी व्हायलाही लागतो. वेग ज्या दराने बदलतो तो दर म्हणजे त्वरण. गंमत अशी की वेग माणसाला जाणवत नाही, त्वरण जाणवतं. धावत्या गाडीत चहावाला किटलीतून कपात चहा ओततो तो सरळ कपातच पडतो. गाडी ताशी 100 ने जात असली तरी चहा मागच्या बाकावर जात नाही. गॅलिलिओने 1632 च्या ग्रंथात हेच जहाजाच्या बंद खोलीबद्दल लिहिलं आहे: पाण्याचे थेंब खालच्या भांड्यात सरळ पडतात, फुलपाखरं सगळीकडे सारखीच उडतात, आणि जहाज एका चालीने जातंय की उभं आहे हे आतल्याला सांगता येत नाही. त्याच्या कितीतरी आधी, 499 साली, आर्यभटाने नावेतल्या माणसाचा दाखला दिला होता. त्याला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे फिरत्या पृथ्वीवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. आपल्यालाही हा अनुभव आहेच. शेजारच्या फलाटावरची गाडी हलते आणि वाटतं आपलीच सुटली. पण ड्रायव्हरने ब्रेक दाबला की वरच्या बर्थवरची पिशवी पुढे येते आणि सगळा डबा जागा होतो.

या त्वरणाचा हिशेब पहिल्यांदा नीट लावला तो गॅलिलिओनेच. फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीला नजरकैदेत असताना त्याने शेवटचा मोठा ग्रंथ पुरा केला. तो 1638 साली लायडनला छापून आला, तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती. प्रयोग मात्र आधीचे. लाकडी फळीला खाच पाडून तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं, फळी तिरकी केली आणि कांस्याची गोळी सोडली. सेकंदकाटा नव्हताच. भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडायची आणि तेवढ्या वेळात साठलेलं पाणी तागडीत तोलायचं. वेळ वजनाने मोजला! आणि त्याला सापडलं ते असं: पहिल्या ठरावीक वेळात गोळी जितकी जाते त्याच्या तिप्पट पुढच्या तेवढ्याच वेळात, मग पाचपट, मग सातपट. 1, 3, 5, 7. आणि बेरजा केल्या तर 1, 4, 9, 16. वेळ दुप्पट तर अंतर चौपट.

त्या ग्रंथातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र हा नियम नाही. ग्रंथात तीन माणसं बोलतात. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तो का, यावर ती चर्चा घसरायला लागते, तेव्हा गॅलिलिओचा माणूस साल्व्हियाती ती थांबवतो. कारण काय ते आत्ता नको, आधी वेग कसा वाढतो तेवढं बघू, असं त्याचं म्हणणं. आमच्या चार्टवर नेमकी हीच सोय होती. वर रेघा, खाली शेऱ्याची जागा. गाडी कुठे किती मिनिटं हरली ते रेघ सांगते. का हरली, म्हणजे सिग्नल बिघडला, रुळावर गुरं आली, इंजिन दमलं, ते खाली शेऱ्यात. नवीन पोरं आधी शेरा लिहायची आणि मग त्याला शोभेल अशी रेघ ओढायची. मी त्यांना ओरडायचो. रेघ खोटी पडली की शेऱ्याला काही अर्थ उरत नाही. बल, वस्तुमान, न्यूटनचे नियम ही सगळी शेऱ्याची बाजू. न्यूटनचा ग्रंथ आला 1687 साली, गॅलिलिओच्या ग्रंथानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, आणि तो उभा राहिला तो आधीच्यांनी खऱ्या रेघा ओढून ठेवल्या होत्या म्हणून.

ब्रेकचा हिशेब गॅलिलिओचाच, उलटा. गाडी ताशी 108 ने, म्हणजे सेकंदाला 30 मीटरने येतेय आणि ब्रेकने दर सेकंदाला अर्धा मीटर वेग कमी होतोय असं धरा. थांबायला 60 सेकंद लागतील. सरासरी वेग 15 मीटर, म्हणून अंतर 900 मीटर. वेग निम्मा, म्हणजे 54 असेल तर 30 सेकंद आणि 225 मीटर. निम्म्या वेगाला पाव अंतर. पुढच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल त्याच्या किलोमीटरभर अलीकडे का रोवतात, ते यातून कळतं.

राहिली एक गोष्ट, आणि तीच सगळ्यांत नाजूक. वाघळीला गाडी 10:00 ला गेली, पुढच्या ठिपक्यापर्यंतचं 12 किलोमीटर अंतर तिने 10 मिनिटांत तोडलं. माझी पट्टी म्हणते, ताशी 72. पण मध्ये एका पुलावर कॉशन होतं, तिथे ताशी 20 ची मर्यादा. ती पाळायची म्हणजे बाकीच्या वाटेवर गाडी 72 पेक्षा बरीच जोरात धावली असणार. 72 ही सरासरी आहे. तेवढा वेग गाडीचा एखाद-दोन क्षणच असेल. मग पुलावर पाऊल ठेवण्याच्या क्षणी वेग किती? क्षणात तर गाडी कुठेच जात नाही.

खिडकीत बसून तुम्हीही हे मोजू शकता. रुळांकाठच्या किलोमीटरच्या दोन पाट्यांमध्ये किती सेकंद गेले ते बघा आणि 3600 ला त्याने भागा. 40 सेकंद लागले तर ताशी 90, 36 लागले तर 100. ही किलोमीटरभराची सरासरी झाली. अजून बारीक हवी तर विजेच्या दोन खांबांमधला वेळ मोजा. तिथे दोन-अडीच सेकंदच मिळतात आणि हातातलं घड्याळ कमी पडतं. टप्पा असाच लहान लहान करत नेला तर उत्तर ज्या आकड्याकडे सरकत जातं, तो त्या क्षणाचा वेग.

माझ्या चार्टवर चाळीसगाव होतं. ते नाव मी किती हजार वेळा लिहिलं असेल कोण जाणे. तिथून जवळच पाटण आहे, पाटणादेवीचं. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, अशी नोंद असलेला तिथला शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याच भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या दोन गती सांगितल्या आहेत. आजचं स्थान आणि उद्याचं स्थान यांतला फरक ती स्थूल गती. म्हणजे माझी पट्टीची रेघ. आणि त्या वेळेपुरती खरी ती तात्कालिक गती. चंद्र भराभर चाल बदलतो, म्हणून त्याच्यासाठी तात्कालिकच घ्या, असं ते बजावतात. त्यांनी कॅल्क्युलस शोधला असं ठासून सांगणारे लोक भेटतात. मला ते ताणल्यासारखं वाटतं. ते सर्वसाधारण यंत्र न्यूटन आणि लायब्निट्झ यांचं. पण पट्टीच्या रेघेवर भागणार नाही, हे चाळीसगावशी नातं सांगणाऱ्या माणसाला साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी कळलं होतं. मला ते मेल नऊ मिनिटं अडवल्यावर कळलं.

खऱ्या गाडीची रेघ वाकडी असते. तिच्या एखाद्या बिंदूला नुसती टेकणारी सरळ पट्टी धरली तर तिचा उभटपणा हाच त्या क्षणाचा वेग. नातीला हे काही केल्या पटेना. शेवटी मी तिला माझ्या डाव्या गुडघ्यावरची खूण दाखवली.

तरुणपणी एका स्टेशनात मी पुलावरून उतरतो तोच गाडी सुटली. शेवटच्या डब्याचं दार माझ्यापुढे तीन डब्यांवर, 70 मीटर धरा. मी सेकंदाला 5 मीटरने पळत होतो. गाडीचा वेग दर सेकंदाला 0.2 मीटरने वाढतोय असं माना, म्हणजे पहिल्या दहा सेकंदांत ती 10 मीटर गेली, पुढच्या दहांत 30, त्यापुढच्या दहांत 50. दहा सेकंदांनी माझ्यात आणि दारात 30 मीटर उरले. विसाव्या सेकंदाला 10. आता मिळालीच! पंचविसाव्या सेकंदाला साडेसात. त्याच क्षणी गाडीचा वेग माझ्याइतका झाला, सेकंदाला 5 मीटर. तिसाव्या सेकंदाला अंतर पुन्हा 10. मी मात्र अजून पळतच होतो, कारण माझ्या डोळ्यांसमोर अजूनही ते 30 वरून 10 वर आलेलं अंतर होतं. फलाट संपला तिथे पडलो.

नातीने वहीत गाडीची वाकडी रेघ काढली, माझी सरळ काढली. दोन्ही जवळ आल्या आणि न टेकता लांब गेल्या. मग तिने माझी सुरुवात पुढे सरकवून बघितली. दार 62.5 मीटरवर असतं तर रेघा एकाच बिंदूला टेकल्या असत्या, पंचविसाव्या सेकंदाला. त्याहून मागे असणाऱ्याला ती गाडी मिळणं शक्य नव्हतं, कितीही जीव घेऊन त्याच चालीने धावला तरी.

तेव्हा गाडी हलली आणि तुम्ही तीन डबे मागे असाल, तर धावू नका. एक डबा मागे असाल, तर हिशेबाने ती मिळेल, पण चालत्या गाडीत पाय ठेवू नका. पुढची गाडी किती वाजता आहे ते विचारा.